कड्यातली बोटभर फट

पांढुर्ण्यात जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देणाऱ्या एका दुकानात मी ऐंशीच्या दशकात कामाला लागलो. साताऱ्याकडचा, सातवीतच शाळा सोडलेला. दुकानाचे मालक मिस्त्री मला 'पाव्हणे' म्हणायचे, आणि त्या शब्दानं मला धाकधूक व्हायची. पाहुणा म्हणजे कधीतरी जायचाच. तीन वर्षं झाली तरी माझे कपडे पेटीतच असायचे.

संत्र्याच्या बागांतले पंप यायचे, आतला पितळी बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ती नळी, झिजलेला. नवा नागपूरहून येईपर्यंत बाग तहानलेली. मिस्त्रींनी ठरवलं, पितळ वितळवायची विजेची भट्टी दुकानातच करायची. जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडी पत्र्यांवर तांब्याची तार गुंडाळायची, भोवती मातीची गोल पन्हळ, तिच्यात पितळेचं कडं. तारेत वीज सोडली की कडं आपोआप तापून वितळतं. तार मी गुंडाळली, कडंही मीच वाकवून बसवलं.

बटण दाबलं. पत्रे गुणगुणले. अर्धा तास झाला तरी कडं थंडच.

"वाइंडिंग उकला, पाव्हणे. सारी तार काढा," मिस्त्री म्हणाले. माझं चार दिवसांचं काम.

त्यांची बायको, आमच्या वैनी, चहा घेऊन आल्या. "याच्यापेक्षा माही चूल बरी. चहा तरी होते."

पक्कड हातात घेतली आणि आठवलं. कड्याची टोकं मी जोडलीच नव्हती. बोटभर फट ठेवून तिच्यात माती भरली होती. मोटारीत वेढ्याला वेढा चिकटला की तो तापतो आणि मोटार जळते. हाताला तेच टाळायची सवय. इथं नेमकं तेच हवं होतं; टोकं भिडल्याशिवाय कड्यात वीज फिरणारच नव्हती. उकलताना गुपचूप कडं जोडलं असतं तर कुणाला कळलं नसतं. पण चांगली तार वाया गेली असती. घरची वाट डोळ्यांसमोर आली. तरी सांगून टाकलं.

मिस्त्रींनी माती खरवडून पाहिली. "मीच त रोज सांगून राहिलो याले, वेढा वेढ्याले शिवू देऊ नको म्हणून," ते वैनींना म्हणाले. "बराबर आयकलं त्यानं."

"मी बी रोज सांगून राहिली चहा गरम प्या, थे कोणी आयकत नाही," वैनी म्हणाल्या.

टोकं जोडली. कडं लाल झालं, मग त्याचं पाणी झालं. बुशच्या साच्यात मिस्त्रींनी मलाच ओतायला लावलं.

पंप न्यायला मोहगावचे बागवाले आले. "बुश नागपूरचा काय?"

"नाई. आमच्या पाव्हण्यानं ओतला," मिस्त्री म्हणाले.

त्या संध्याकाळी मी पेटीतले कपडे काढून खुंटीला लावले.