घरात शिरलेला व्हायरस आणि दारातल्या कुकीज

कॉम्प्युटर दुरुस्त झाला की घरी जातो. त्याच्यासोबत आलेली गोष्ट मात्र दुकानातच राहते. शिरूरला एसटी स्टँडच्या मागं आमचं दुरुस्तीचं दुकान आहे, आणि मंगळवारी मी दौंडला भावाच्या स्टेशनरीच्या दुकानात एक टेबल मांडून बसते. दोन्हीकडं मिळून इतक्या गोष्टी साठल्यात की जेवताना आमचे हे विचारतात, "आज काय बिघडलं?" त्यांना मशीनशी काही देणंघेणं नसतं. त्यांना गोष्ट हवी असते!

आणि या गोष्टींचं मूळ बहुतेक वेळा एकच. घाण कॉम्प्युटरमध्ये येते कुठून, याबद्दल प्रत्येकाचं स्वतःचं असं एक पक्कं मत असतं.

*

न्हावऱ्याकडच्या एका वस्तीवरून नानांचा फोन आला. नाना म्हणजे सत्तरीचे शेतकरी, आवाज असा की फोन कानापासून लांबच धरावा.

"मॅडम, घरात व्हायरस आलाय! तुम्हीच या. आम्ही त्याला हात लावत न्हाई."

गेले. ओट्यावर नाना, तोंडाला गमछा बांधलेला. घरात कॉम्प्युटरच्या टेबलावर नुसता धुळीचा चौकोन.

"नाना, कॉम्प्युटर कुठंय?"

"मोटारीच्या खोलीत. पोतं टाकून ठेवलाय."

मागची हकीकत अशी, की नातू गेम खेळत होता आणि पडद्यावर लाल पाटी आली, व्हायरस सापडला म्हणून. सूनबाईला सातवा महिना. नानांनी त्याच पावली मशीन उचललं आणि गोठ्यात नेलं. तिथं गाय गाभण. मग गोठ्यातून विहिरीवर, मोटारीच्या खोलीत.

मी त्यांना समोर बसवलं आणि शांतपणे सांगितलं, "नाना, नाव एकच असलं तरी हा व्हायरस वेगळा. हा एक प्रोग्रॅम असतो. फुकटच्या गेमबरोबर आत आला. माणसाला होत नाही."

नानांनी गमछा सोडला. मोठा श्वास घेतला. आतल्या सुनेला हाक मारली, "ये गं भायेर, माणसाला हुत न्हाई म्हंत्यात!"

मग गोठ्याकडं बघून मला हळूच म्हणाले, "म्हंजी जनावरालाच हुतो. बरं झालं येळेवर हलवला!"

*

इनामगावच्या शांतामावशी पूर्वी अंगणवाडी चालवायच्या. आता ब्लाऊज शिवतात, आणि मुलानं जुना कॉम्प्युटर दिलाय त्याच्यावर नवनवीन गळे शोधतात. त्यांचा फोन आला तो अगदी दबक्या आवाजात.

"मॅडम, साइटवाला म्हंतोय कुकीज घ्या. आज माझी एकादशी हाय वो."

"मावशी, त्या खायच्या नसतात. कुकी म्हणजे साइटनं तुमच्या कॉम्प्युटरात ठेवलेली एक खूण. तुम्ही मागच्या वेळी काय बघितलंत, कुठं थांबलात, ते तिच्यावरून त्यांना कळतं."

"म्हंजी माझ्यावर पाळत ठिवत्यात?"

"सगळ्याच नाही ठेवत. काही कामाच्या असतात. पण काहींचं थोडंफार तसंच."

मावशी विचारात पडल्या. "न्हाई म्हणायचं बटन हाय का?"

"आहे. खाली बघा, बारीक अक्षरात."

चष्म्याची डबी उघडल्याचा आवाज. मग म्हणाल्या, "घावलं. आन् हे घ्या-घ्या म्हणायचं बटन एवढं थोराड, आन् न्हाई म्हणायचं मुंगीएवढं का वो?"

"कुणी दाबू नये म्हणून, मावशी."

"असं व्हय?" मावशींचा अंगणवाडीतला आवाज परत आला. "मग थांबा, दाबतेच!"

*

एकदा दौंडला एक औषध दुकानदार त्यांचा घरचा लॅपटॉप घेऊन आले. अँटीव्हायरस संपून कितीतरी दिवस झालेले. मी म्हटलं, "दादा, मुदत संपलीय. हा आता काहीच अडवत नाही."

ते हसले. धंद्यातला माणूस धंद्यातल्या माणसाकडं बघून हसतो तसं. "काय मॅडम, आपण दोघंही दुकानदार. एक्सपायरीची तारीख नुसती छापायला असते. पुढं चार-सहा महिने निवांत चालतं!"

शेजारी वही घ्यायला आलेल्या आजी वळल्या. "काय म्हनलास रं? मी तुझ्याकडनंच बीपीची गोळी नेती!"

"नाही नाही आजी! मॅडम, आजच्या आज नवीन टाका!"

*

आप्पांचा किस्सा सांगताना मात्र मला जरा जपून सांगावं लागतं. कारण त्यात मी हरले.

आप्पा कांदा करतात. माणूस मोठा हौशी. कुठंतरी व्हिडिओत त्यांनी ऐकलं, की सॉफ्टवेअरमध्ये 'बग' असतात आणि बग म्हणजे किडा. झालं! कॉम्प्युटर दुकानात आला तो आधी वासानंच कळला. मी डब्याचं झाकण उघडलं, तर आत डांबरगोळ्या. वायरींच्या मधून कडुलिंबाचा पाला, नीट जुड्या करून खोचलेला.

"आप्पा, हे काय?"

"फवारणी करनार हुतो. मालकीण म्हनली, करंट बसंल. म्हनून सेंद्रिय केलं."

आता मला हसू आवरेना. त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि माझं व्याख्यान सुरू केलं. "बग म्हणजे खरा किडा नाही, आप्पा. ती प्रोग्रॅम लिहिताना राहिलेली चूक असते. तिला पाय नसतात, ती चावत नाही. अशी झाकण उघडून दिसत नाही." बोलता बोलता मी पाला बाजूला काढला आणि खालचा पंखा सोडवला.

पंख्याखाली मुंग्यांचं अख्खं वारूळ! अंड्यांसकट. आणि त्यांच्या पलीकडं दोन झुरळं, पाय वर करून पडलेली.

आप्पांनी बशीतला चहा संपवला, बशी खाली ठेवली आणि वाकून आत बघितलं.

"ह्यांस्नी पाय हायेत की वो, मॅडम."

*

विनायककाका सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. शिरूरच्या पोस्टामागं राहतात. पोरगा-पोरगी दोघंही लांब, घरी काका आणि काकू. काकूंची तक्रार, की कॉम्प्युटर हातगाडीसारखा चालतोय आणि काका दिवसभर त्याच्यावर पत्रव्यवहार करतात.

पत्रव्यवहार कुणाशी, ते बघायला मी बसले. येईल त्या प्रत्येक स्पॅमला काकांनी उत्तर दिलं होतं! एकही सुटलं नव्हतं. गुडघेदुखीवरच्या तेलाची जाहिरात, तिला उत्तर: 'आपले पत्र पावले. गुडघेदुखीचा त्रास मला नसून सौभाग्यवतीस आहे. तरी चौकशीबद्दल आभारी आहे.' परदेशात नोकरी देणाऱ्याला उत्तर: 'वयोमानामुळे येणे जमणार नाही. राग नसावा.' वर प्रत्येकानं जोडून पाठवलेली फाइल काकांनी निष्ठेनं उघडलेली. मशीन चालणार कसं?

"काका, ही पत्रं माणूस लिहीत नाही. मशीन लाखो लोकांना एकदम पाठवतं."

"पण त्यानं 'डिअर फ्रेंड' लिहिलंय."

"सगळ्यांनाच लिहितं. आणि तुम्ही उत्तर दिलंत की त्यांना कळतं, या पत्त्यावर जिवंत माणूस आहे. म्हणून आणखी येतात."

काकांनी चष्मा काढला. "मग त्यात बिघडलं काय? कळू दे की, जिवंत आहे म्हणून."

पण पत्रांतल्या फाइली धोक्याच्या होत्या, त्यामुळं सगळं साफ केलं, आलेलं स्पॅम परस्पर बाजूला पडेल अशी सोय केली आणि निघाले.

पुढच्याच आठवड्यात काका दुकानात. कपडे इस्त्रीचे, चेहरा उतरलेला.

"मशीन छान पळतंय. पण मॅडम, कुणी लिहीतच नाही हो." मग इकडंतिकडं बघून, आवाज खाली आणून म्हणाले, "बाकीचे राहू देत. तेवढा गुडघ्यांचा तेलवाला तरी परत चालू करा!"

*

दौंडला एका मंगळवारी सकाळी सकाळीच एक कुटुंब आलं. संतोष कुरकुंभच्या एका कंपनीत शिफ्टला जाणारा, त्या दिवशी सुटी टाकलेला. त्याची बायको वैशाली, गावात ब्युटी पार्लर चालवते. आणि संतोषचे वडील, आबा. रेल्वेतून रिटायर झालेले, पांढरी टोपी, आणि बायको जाऊन काही वर्षं झालेली. संतोषच्या हातात कॉम्प्युटर. वैशालीच्या हातात कपड्यांची बॅग, कारण इथूनच ती बारामतीला माहेरी जायला निघाली होती. आबा मागून सावकाश आले आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले.

"मॅडम, स्पायवेअर घुसलंय," संतोष म्हणाला. "काढून टाका फक्त."

"फक्त?" वैशाली म्हणाली. "मॅडम, मी सांगते काय घुसलंय ते. कुठलीपण साइट उघडा, बातम्या उघडा, पाककृती उघडा, बाजूला लग्न जुळवणाऱ्यांची जाहिरात! 'आपली जोडीदार आपली वाट पाहत आहे.' मी घरात जिवंत असताना!"

"अगं कंपनीतल्या पेनड्राइव्हमधून आलं असंल! आपोआप येतं असलं!"

"मला नाही आलं कधी आपोआप!"

मला पंचाईत पडली. पेनड्राइव्हमधून नको ते येतं, हे खरं. पण एकाच प्रकारची जाहिरात अशी मागं लागते तेव्हा बहुतेक वेळा घरातल्याच कुणीतरी ते आधी शोधलेलं असतं. साइट खूण ठेवते आणि मग जाल तिथं तेच दाखवते. आता हे बोलायचं कसं? संतोष घामाघूम झालेला. मला तो खोटं बोलणारा वाटत नव्हता, पण चेहऱ्यावरून काय कळतं!

"मी साफ करून देते," मी म्हटलं.

"आधी मला बघू द्या," वैशालीनं बॅग टेबलावर ठेवली. "कुणी काय शोधलंय, ते निघतं ना?"

"निघतं."

"काढा मग."

संतोष म्हणाला, "काढा मॅडम. मी भीत नाही."

काढलं. लग्नाची साइट खरंच उघडलेली होती. एकदा नाही, कितीतरी वेळा. वैशालीचे डोळे भरून आले. संतोष नुसता "आयच्यान, मी न्हाई... आयच्यान..." म्हणत राहिला.

मी वेळा बघितल्या. सगळ्या दुपारच्या. "तेव्हा तुम्ही कुठं असता?" मी संतोषला विचारलं.

"फर्स्ट शिफ्टला! कंपनीत! विचारा कुणालाही!"

"आणि मी पार्लरमध्ये," वैशाली म्हणाली, आणि मध्येच थांबली.

त्या साइटवर कुणीतरी अपेक्षा भरून ठेवल्या होत्या. त्या पडद्यावर आल्या आणि मी वाचायला लागले. आधी जोरात, मग हळू आवाजात.

"पुनर्विवाह. वय पंचावन्नच्या पुढे. भजनाची आवड असावी. प्रवासाची हौस असल्यास उत्तम..." पुढची ओळ मी जवळजवळ पुटपुटलेच. "रेल्वेचा पास आहे."

संतोषनं मान वळवली. वैशालीनं वळवली. आबा छताच्या पंख्याकडं बघत होते. टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली होती आणि तिची घडी उगाच पुन्हा पुन्हा घालत होते.

"आबा?" संतोष म्हणाला.

आबांनी टोपीची आणखी एक घडी घातली.

काहीतरी बोलायला हवं म्हणून मी बोलले. "बरं मग... हे सगळं पुसून टाकू का?"

आबा ताडकन उभे राहिले. "पुसू नका! मॅडम, पुसू नका! मंचरच्या बाईंचं उत्तर यायचं ऱ्हायलंय!"

वैशालीनं पदरानं डोळे पुसले. बॅग टेबलावरून उचलून खाली ठेवली, खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसली आणि पान खाली सरकवून तिथला आबांचा फोटो बराच वेळ बघितला.

"आबा, हा कशाला लावला? ह्यात किती आजारी दिसताय!" ती म्हणाली. "मॅडम, फोटो बदलता येतो ना?"