राक्षसाचे दात

ऑइलपेंटमध्ये रॉकेल मिसळल्याचा वास आला की मला सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचा नगरमधला एक शुक्रवार आठवतो. मी तेव्हा दैनिकात नवा वार्ताहर होतो. एका जपानी राक्षसपटाचा तिसरा भाग लागला होता. छापील पोस्टर वेळेत न आल्याने पेंटरने दुसऱ्या भागातला राक्षस आठवून थिएटरचा फलक रंगवला आणि खालच्या जबड्यात ठसठशीत आठ दात काढले. पडद्यावर मात्र राक्षसाचे रूप बदललेले निघाले. डोळे मोठे, नाक बसके आणि दात फक्त चार. मध्यंतरात पारनेरकडचे शेतकरी फलकाखाली जमले. "पाटीवरचा कुठंय? फसवलं आमाला!" मॅनेजरने पेंटरला बजावले, "हे निघून गेले तर पुढचा फलक दुसरा कुणीतरी रंगवेल." पेंटरचा चेहरा उतरला. तेवढ्यात बैलबाजारात दात पाहून बैलाचे वय सांगणारे एक म्हातारे पुढे झाले. "पाटीवरचं जनावर आठ दाती, पुरं वयात आलेलं. आतलं चार दाती, लई कवळं हाय. ह्यो त्यो न्हाईच." पेंटरने तोच धागा पकडला. "बरोबर वळखलं, बाबा. हा त्याचा पोरगा." "मंग आदी सांगायचं न्हाई व्हय!" म्हणत सगळे आत गेले. मीही परीक्षणात 'राक्षसाचा मुलगा' असेच लिहिले. चौथ्या भागात राक्षसाला पुन्हा आठ दात आले, तेव्हा कुणीही तक्रार केली नाही; पोरगं वयात आलं होतं. माझ्या साऱ्या नोकरीत मी छापलेली आणि पुढे सिनेमावाल्यांनीच खरी करून दिलेली चूक ती एकच.