गुरगुर कुणाची

लिफ्टच्या कंपनीत त्यांना सगळे कानसेन म्हणत. गाण्याशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता. घरात कुणी रेडिओ लावला तर ते उठून बाल्कनीत जाऊन बसत. नाव पडलं होतं त्यांच्या स्क्रूड्रायव्हरमुळे. हातभर लांब, लाकडी मुठीचा. त्याचं टोक चालत्या मशीनच्या अंगाला टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटून घ्यायचे. एकतीस वर्षं त्यांची अशी तपासणी चालली होती. "हे बेअरिंग दोन महिने काढेल," असं ते म्हणत, आणि बेअरिंग दोन महिन्यांनी, फार तर चार दिवस मागेपुढे, राम म्हणे. या एका बाबतीत माणूस महाघमेंडी होता, आणि त्याला ती घमेंड शोभतही होती.

तीन आठवड्यांपूर्वी एका नऊ मजली इमारतीच्या गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत त्यांनी दोन नंबरच्या लिफ्टला अशीच मूठ लावली. आत काहीतरी गुरगुरत होतं. मोठ्याने नाही. झोपलेल्या कुत्र्याने डोळे न उघडता गुरगुरावं तसं.

आवाज मोठ्या पुलीच्या बाजूचा होता. या पुलीवरून लिफ्टचे दोर जातात. एका टोकाला लिफ्ट, दुसऱ्या टोकाला लोखंडी वजनं. पुली ज्या दांड्यावर फिरते तो तुटला तर ब्रेक असून नसल्यासारखा, कारण ब्रेक पलीकडे, मोटरच्या बाजूला. लोकांना वाटतं, लिफ्ट तुटली की खाली कोसळते. खाली जाणारीला पकडायला लोखंडी जबडे तरी असतात. पण आत एकदोनच माणसं असली, तर पलीकडचं वजन भारी पडतं आणि लिफ्ट वर जाते. सुसाट, थेट छताच्या स्लॅबपर्यंत. आणि त्या जुन्या मशीनमध्ये वर जाणाऱ्या लिफ्टला धरणारं काहीही नव्हतं.

त्याच इमारतीत नवव्या मजल्यावर दातांच्या दवाखान्यात त्यांची मुलगी कवळ्यांचे साचे बनवायची. सकाळी नऊला वर, संध्याकाळी सहाला खाली. दवाखान्याचं दार दोन नंबरच्या लिफ्टसमोरच उघडत होतं. बापाच्या सांगण्यावरून तिने चार दिवस जिना धरला आणि पाचव्या दिवशी सोडला.

"नऊ मजले, बाबा! वर पोचेपर्यंत माझेच दात खिळखिळे होतात."

कानसेनांनी कंपनीतल्या साहेबांना सांगितलं. साहेब वयाने लहान, पण हुशार. ते स्वतः वर आले, मशीनला कंपन मोजायचं यंत्र लावलं, यंत्राचा हिरवा दिवा लागला. नंतर त्यांनी जरा आवाज उतरवला.

"कानसेन, राग मानू नका. तुमच्या कानांच्या तपासणीचा कागद माझ्याकडेही आलाय."

तो कागद कानसेनांनी घरी कपाटातल्या स्वेटरखाली दडवला होता. त्यावरची रेघ डावीकडे सरळ चालत होती आणि उजवीकडे जिन्यावरून गडगडावी तशी खाली गेली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "बारीक, उंच आवाज गेलेत तुमचे. आणि अशा कानात कधी कधी नसलेला आवाजही वाजतो. त्याच्याकडे लक्ष द्यायचं नाही." एकतीस वर्षं ज्याने फक्त आवाजाकडेच लक्ष दिलं, त्याला हा सल्ला!

त्या दिवसापासून त्यांचा जीव टांगणीला लागला. गुरगुर मशीनमध्ये असेल तर मुलगी रोज मरणाच्या तोंडात ये-जा करत होती. गुरगुर कानात असेल तर कानसेन संपले होते. परवा जेवताना ती त्यांना घरातही ऐकू आली. खालचा पाण्याचा पंप असेल, असं म्हणून त्यांनी घास गिळला. पंप चालू आहे का, हे बघायला मात्र ते उठले नाहीत. भीती वाटली, दुसरं काय.

शेवटी त्यांनी फोन मशीनच्या पायाशी ठेवून दोन्ही लिफ्टचे आवाज टिपले. नवव्या मजल्यापासून तळापर्यंत, एकेक फेरी. घरी मुलीला ऐकवले. ती भांडी घासत होती, नळ चालू होता.

"काही आहे?"

"काहीच नाही, बाबा. पंख्यासारखं सूं सूं येतंय." बापाचा चेहरा बघून तिने नळ बंद केला. "फोनच्या एवढ्याशा स्पीकरला जाड आवाज झेपत नाही. दणकट बेसवाला हेडफोन आणा, मग कळेल. तुमच्या मनाला तरी शांती."

म्हणून दुसऱ्या दिवशी काम संपवून, सव्वापाचला, आयुष्यात एक गाणं धड न ऐकलेला हा माणूस हेडफोनच्या दुकानात शिरला. भिंतभर हेडफोन टांगलेले. काउंटरवरच्या मुलीच्या नखांचा निळा रंग अर्धा उडाला होता.

"बेस हवाय," कानसेन म्हणाले. "जेवढा जास्त मिळेल तेवढा."

मुलीने त्यांच्या पांढऱ्या केसांकडे एकदा बघून घेतलं. "कुठल्या प्रकारची गाणी ऐकता, काका?"

"लिफ्ट ऐकतो."

ती हसली. ते हसले नाहीत, तेव्हा तीही गंभीर झाली आणि त्यांचा फोन तिने तारेला जोडून घेतला.

पहिला हेडफोन बिनकामाचा निघाला. त्यात नुसता वारा. दुसरा काळा, जाडजूड, एखाद्या पैलवानाने घालावा असा. "बेसचा बाप आहे हा," मुलगी म्हणाली. तो कानांवर बसला, दोन नंबरची फेरी सुरू झाली आणि कानसेनांचे डोळेच भरून आले. गुरगुर! छातीत उतरेल अशी, ढळढळीत गुरगुर. म्हणजे कान शाबूत होते! मशीनच नादुरुस्त होती, आणि त्या क्षणी, पोटची पोर रोज त्यात चढते हे विसरून, या माणसाला चक्क आनंद झाला. पुढे त्या आनंदाची त्यांना फार लाज वाटली.

"हाच द्या. उद्या साहेबांच्या कानावर चढवतो."

"थांबा, काका. ही दुसरी फाइल कसली?"

"एक नंबरची. ती मशीन ठणठणीत आहे."

मुलीने तीही लावली आणि हेडफोन पुन्हा त्यांच्या कानांवर ठेवला. गुरगुर होतीच. तशीच, तेवढीच. कानसेनांचा चेहरा पडला.

"याला काहीही ऐकवा, हा गुरगुरतोच," मुलगी म्हणाली. "नसलेला बेस पदरचा घालतो. पोरांना तेच आवडतं. तुमचे साहेब दोन्ही ऐकतील आणि तुम्हालाच वेड्यात काढतील."

तिने खालच्या खणातून तिसरा हेडफोन काढला. साधा, करडा, मऊ गाद्यांचा, कान पुरते झाकणारा. "याचा बेसही दणकट आहे, पण प्रामाणिक. असेल तरच देतो. आमच्याकडे रेकॉर्डिंग करणारी माणसं हाच नेतात."

एक नंबर लावला. आत नुसती मोटर, सरळ आणि शांत. दोन नंबर लावला. आणि तिथे, तळाशी, अगदी हळू, कुत्रं होतं.

कानसेनांचा अजूनही स्वतःवर विश्वास बसेना. त्यांनी हेडफोन काढून मुलीच्या पुढे धरला. "तू ऐक, पोरी. मी काही सांगत नाही. तुला काय येतं ते बोल."

ती ऐकू लागली. "हो, आहे. खाली घरघरतंय काहीतरी." कानसेनांनी सुटकेचा श्वास सोडला. पण तिच्या कपाळाला आठी पडली. "आणि ते टक् टक् काय आहे?"

"कसलं टक् टक्?"

"बारीक आहे. नख काचेवर मारल्यासारखं. मघाच्या जाड्या हेडफोनमध्ये घरघरीखाली बुडालं असणार."

कानसेनांनी हिसकावल्यासारखा हेडफोन घेतला. डोळे मिटले, श्वास धरला. गुरगुर होती. टक् नव्हतं. त्यांनी आवाज वाढवला. नव्हतंच. कागदावरची रेघ उजवीकडे जिथे गडगडली होती, तिथे कुठेतरी ते टक् वाजत होतं आणि त्यांच्यासाठी तिथे नुसतं कोरं होतं.

"पुन्हा लाव," ते म्हणाले. "टक् आलं की काउंटरवर बोट आपट. फेरी संपेपर्यंत."

तिने बोट आपटायला सुरुवात केली. सावकाश, सारख्या अंतराने. कानसेन मनात मोजत होते. फेरी संपली, बोट थांबलं.

चौदा.

नवव्या मजल्यापासून तळापर्यंत पुली चौदा फेरे घेते. हा आकडा त्यांनी कुणालाच सांगितला नव्हता. दर फेऱ्याला एक टक्, म्हणजे बेअरिंगचं दुखणं नव्हे. दांडाच तडकला होता. आणि एकतीस वर्षांचे कान घेऊन ते रोज त्याच्या शेजारी उभे राहून नुसती गुरगुर ऐकत होते.

घड्याळात पावणेसहा झाले होते.

त्यांनी स्वतःच्या मुलीला फोन लावला. तिने उचलला नाही. दवाखान्यात फोन खणात ठेवावे लागत. साहेबांना लावला.

"हेडफोनवर ऐकलं?" साहेब म्हणाले. "कानसेन, उद्या सकाळी शांतपणे बसून बघू."

त्यांनी किंमत न विचारता नोटा काउंटरवर ठेवल्या, हेडफोन उचलला आणि निघाले. इमारत दोन रस्ते पलीकडे होती. वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी माणसाने पळू नये हे त्यांच्या गुडघ्यांनी त्यांना वाटेत चारदा सांगितलं. एक नंबरची लिफ्ट तळालाच उभी होती. तिने ते नवव्यावर गेले, दवाखान्याच्या दाराची बेल दोनदा दाबली, आत कुठेतरी यंत्र घूं घूं करत होतं, कुणी आलं नाही. सहाला सात मिनिटं होती. ते जिना चढून गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत पोचले.

दोन नंबरची पुली फिरत होती. कानसेनांचा हात मेन स्विचवर गेला आणि तिथेच थांबला. चालत्या लिफ्टची वीज तोडली तर ब्रेक झटक्याने बसतो आणि तो झटका सगळा त्या दांड्यावर येतो. आत कोण होतं, किती होते, देव जाणे. थांबवणं म्हणजेच तोडणं, आणि न थांबवणं म्हणजे वाट बघणं. ते वाट बघत उभे राहिले. पॅनलवरचा आकडा पाच झाला. चार. तीन. पुलीचा प्रत्येक फेरा त्यांच्या नजरेसमोरून जात होता, प्रत्येक फेऱ्याला टक् होत असणार, आणि त्यांना ते ऐकू येत नव्हतं. एवढं असहाय त्यांना आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

दोन. एक. शून्य. दार उघडल्याचा दिवा लागला. त्याच वेळी नवव्या मजल्याचं बटण पेटलं. वर कुणीतरी लिफ्ट बोलावली होती.

त्यांनी दहा आकडे मोजले, आतली माणसं उतरतील इतके, आणि दार मिटायच्या आत स्विच ओढला.

सगळं थांबलं. नवव्याचं बटण विझलं. कानसेन बॅटरी घेऊन पुलीच्या मागे गुडघ्यांवर बसले. दांडा जिथे बेअरिंगमध्ये शिरतो तिथे गंजाची लालसर पूड साचली होती, आणि पूड पुसल्यावर खाली केसाएवढी रेघ दिसली. दांड्याला अर्ध्याहून जास्त वेढणारी. ते तिच्याकडे बघत राहिले. अजून किती फेरे निघाले असते? शंभर? एक?

आणि मग त्यांच्या लक्षात आलं की गुरगुर चालूच होती.

त्यांनी स्विचकडे पाहिलं. बंद. एक नंबरची लिफ्टही उभी होती. पंखा बंद. गच्चीवर वाराही नव्हता. तरी कुत्रं गुरगुरत होतं, डोळे न उघडता, अगदी जवळ.

फोन वाजला. साहेब होते, रखवालदाराने त्यांना कळवलं होतं. "कुणाच्या परवानगीने बंद केलीत लिफ्ट?"

"दांडा तडकलाय, साहेब. या आणि डोळ्यांनी बघा." मग ते म्हणाले, "आणि कान आता दुसऱ्या कुणाचे तरी बघा."

जिन्यावर पावलं वाजली. मुलगी दारात उभी राहिली, हाताला साच्याचं पांढरं प्लास्टर, धापा टाकत. "बाबा, मी बटण दाबून उभी होते, आणि लिफ्ट..." तिने बॅटरीच्या उजेडात ती रेघ पाहिली. ती तशीच खाली बसली. बराच वेळ तिने बापाचा हात सोडला नाही. "तुम्ही बरोबर होतात," ती रडत म्हणाली. "मी ऐकलं नाही तुमचं."

कानसेनांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मग फोन काढला, बंद मशीनच्या पायाशी ठेवला आणि अर्धा मिनिट आवाज टिपला. नवा करडा हेडफोन त्यांनी मुलीच्या कानांवर नीट बसवला, लहानपणी टोपी बसवत तसा.

"नीट ऐक, चिमणे. नळ नाही, काही नाही. काय येतंय?"

तिने डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं.

"काहीच नाही, बाबा," ती म्हणाली. "अगदी शांत आहे."