रॉइस टिलरीच्या नावाचं रजिस्टर पत्र

मिस ऑझेला पेटवे डोक्यावर टोपी चढवल्याशिवाय उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नसे. तिचे केस गेली कितीतरी वर्षं माझ्या पार्लरमध्ये होतात, त्यामुळे टोपीखाली काय आहे ते मला ठाऊक. बाकी गावाला कधी दिसलं नव्हतं. आमच्या माउंट ऑलिव्ह चर्चच्या दाराशी पांढरा पोशाख, पांढरे हातमोजे घालून ती उभी राहायची आणि कुणी कुठल्या बाकावर बसायचं ते ठरवायची. उशिरा येणाऱ्याकडे ती अशी बघायची, की पुढच्या रविवारी तो माणूस पाद्र्याच्याही आधी हजर.

अशा बाईचा पोलिसांनी काढलेला फोटो सगळ्या काउंटीनं, म्हणजे जिल्हाभरानं, बघितला. त्यात ती घरातल्या गाऊनवर होती, डोक्याला झोपताना बांधायची जांभळी साटीनची टोपडी, आणि खाली छापलं होतं : चोरी.

चोरी कसली? चर्चचं काचेचं मोठं सरबताचं भांडं आहे. लग्नाला, बारशाला निघतं. आमच्यात रीत अशी, की शेवटी ज्या बाईनं ते घासलं, तिनं घरी न्यायचं आणि पुढच्या कार्याला परत आणायचं. चर्चच्या फडताळात ठेवलं तर पोरं फोडतात. हे आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत. पण पाद्री गॅस्किन नवे, त्यांची बायको अटलांटाची. भांडं दिसेना म्हणून तिनं कुणाला एका शब्दानं न विचारता पोलिसांना फोन लावला. पोलीस आले तर भांडं मिस ऑझेलाच्या जेवणाच्या टेबलावर, त्यात प्लॅस्टिकची द्राक्षं. ती म्हणाली, "अरे बाबा, घासायची पाळी माझी होती!" तो पोरगेला पोलीस दुसऱ्या काउंटीतला. नेलं तिला तशीच. साधी टोपीही बदलू दिली नाही.

सरकारी वकिलानं खटला उभाच केला नाही. पाद्रीणबाई केक घेऊन माफी मागायला आली. केक घशाखाली उतरेना इतका कोरडा. मिस ऑझेलानं तिच्यादेखत एक घास खाल्ला, उरलेला कुंपणापलीकडच्या कुत्र्याला घातला आणि तो नुसता हुंगत राहिला तशी म्हणाली, "माफ करावं का, तोही विचार करतोय बघ."

प्रकरण इथं मिटलं असतं. पण आमच्याकडे रॉइस टिलरी आहे.

रॉइस दर गुरुवारी 'गजाआड' नावाचा पेपर काढतो. बातमी एक नाही, नुसते अटक झालेल्यांचे फोटो. शेरीफच्या साइटवरून उचलायचे आणि छापायचे. पेट्रोल पंपाच्या गल्ल्यावर, उकडलेल्या शेंगांच्या पातेल्याशेजारी, त्याची चळत असते. मी खोटं बोलत नाही, माझ्या पार्लरमध्येही यायचा. बायका ड्रायरखाली बसून शेजाऱ्यापाजाऱ्यांची तोंडं शोधायच्या. त्या गुरुवारनंतर मी तो बंद केला, पण फोटो त्याच्या वेबसाइटवरही होता. ऑझेला पेटवे असं नाव टाका, पहिली जांभळी टोपडी.

पाद्री गॅस्किन बोटं मोडत म्हणाले, "मिस ऑझेला, तुमची चूक नाही, मला ठाऊक आहे. पण पाहुणे येतात, फोनवर बघतात. तो फोटो आहे तोवर दाराशी दुसरं कुणी उभं राहू दे."

हातमोजे तिनं घडी घालून पर्समध्ये ठेवले. बायकोनं केलेलं नवऱ्यानं असं निस्तरलं! चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय.

मी रॉइसला फोन केला. तो गोड आवाजात म्हणाला, "काढतो की. फी भरा, एका दिवसात गायब."

मिस ऑझेलानं फोन माझ्या हातातून घेतला. "माझंच तोंड मी तुझ्याकडून विकत घेऊ? तुझ्या आईनं तुला माझ्या मांडीवर टाकून शेतावर काम केलंय, रॉइस."

"धंदा आहे मिस ऑझेला. मनावर घेऊ नका."

तिनं मनावर घेतलं. मीही घेतलं. मला तर त्याचे केस कापायला मिळाले असते तर कानही शिल्लक ठेवला नसता.

आम्ही कोर्टात गेलो. अटकेच्या कागदाची नक्कल काढली, अर्ज भरला, बोटांचे ठसे दिले. सरकारी वकिलाची मंजुरी आली आणि अटकेची नोंद लोकांसाठी बंद झाली. शेरीफच्या साइटवरून फोटो उतरला. मला वाटलं, सुटलो. पण खिडकीतली बाई म्हणाली, "आमच्याकडचं पुसलं. ज्यानं आधीच उचललंय, त्याला रजिस्टर पत्र पाठवा. त्यानं सही करून घेतलं की मुदत सुरू. मुदतीत फुकट काढला नाही, तर खेचा कोर्टात."

रॉइसला हा कायदा आमच्याआधी पाठ होता. रजिस्टर पत्र तो घेतच नसे. व्हॅलेरिया, आमची टपालवाली, त्याच्या दाराशी गाडी थांबवायची आणि तो पडद्याआडून हात हलवायचा : नाही, नाही. मिस ऑझेलाचं पत्र गेलं तसं परत आलं. दुसरंही आलं. गुरुवारी पंपावर भेटला तेव्हा बेरकी हसून म्हणतो कसा, "टपालखात्याचा काही भरवसा राहिला नाही बघा."

मिस ऑझेलानं सरळ गाडी गाठली. गाडीत बसल्यावर म्हणाली, "पोरी, याला मी रडवीन. देव मला बघून घेईल, पण आधी मी याला."

आणि मग या रॉइसला डीकन व्हायची हौस आली. चर्चचा पंच! पहिल्या रांगेत बसायचं, दानाची पेटी फिरवायची, लोकांच्या मयताला भाषण करायचं. आमच्याकडे डीकन करायच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, सगळ्यांसमोर त्याची परीक्षा होते. पुढं खुर्ची मांडतात, त्यात बसवतात, प्रश्न विचारतात. त्याच्या नावानं इतर चर्चमधून शिफारसपत्रं येतात, ती पाद्री मोठ्यानं वाचतात. मग जे राजी असतील ते उभे राहतात.

त्या शनिवारी रॉइस नवा करडा सूट घालून खुर्चीत बसला होता. तीन पत्रं वाचून झाली होती. बाई, काय ती स्तुती! मी मूग गिळून बसले होते. एवढ्यात व्हॅलेरिया खांद्याला झोळी लावून मधल्या वाटेनं आली. चर्च तिच्या शनिवारच्या फेरीतच येतं.

"रॉइस टिलरी, मार्फत माउंट ऑलिव्ह चर्च," ती म्हणाली. "सही लागेल."

"बघा, रजिस्टरनं पाठवलंय!" पाद्री खूश झाले. "आपल्या चर्चांच्या असोसिएशनचं असणार. करा सही, ब्रदर."

एवढी माणसं बघत होती. रॉइसनं पाकिटाकडे बघितलंसुद्धा नाही, लोकांकडे बघत झोकात सही केली. पाकीट पाद्र्यांच्या हातात दिलं आणि पायावर पाय टाकून ऐकायला बसला.

पाद्र्यांनी आवाज चढवला. "'रॉइस टिलरी यांस. मी ऑझेला पेटवे. माझ्यावरचा चोरीचा आळ खोटा होता आणि अटकेची नोंद बंद झाली आहे. तरी तुम्ही माझा फोटो...'" आवाज खाली आला. "मला वाटतं, हे आपण नंतर..."

मिस ऑझेला शेवटच्या बाकावरून उठली. "पाद्रीबाबा, आपल्यात पत्र अर्धं वाचत नाहीत."

"वाचा!" एक म्हातारे डीकन ओरडले. त्यांच्या नातवाचा फोटो मार्चमध्ये आला होता.

पाद्र्यांनी वाचलं. फोटो काढायला पैसे मागितले, ते वाचलं. दोनदा पत्र नाकारलं, ते वाचलं. बाकाबाकांवरून हुंकार येऊ लागले, कारण त्या चर्चमध्ये असं एक घर नव्हतं, ज्यातलं कुणी ना कुणी त्या पेपरात आलं नव्हतं. आजवर जो तो आपापल्या घरात मान खाली घालून बसला होता. रॉइसचा चेहरा करड्या सुटाच्या रंगाचा झाला. मला विचाराल तर इतकं गार गार मला उन्हाळ्यातल्या नदीतही वाटलं नव्हतं.

"जे राजी असतील ते..." पाद्री पुटपुटले.

रॉइसची बायको अर्धी उठली, आजूबाजूला बघितलं आणि बसली. बाकी कुणी हललं नाही.

पाद्री गॅस्किन घाम पुसत म्हणाले, "मिस ऑझेला, देवाच्या घरात आहोत. ब्रदर रॉइसला माफ कराल ना? या, हात मिळवा."

"आधी फोटो," ती म्हणाली. "माफीचं मग बघू."

फोटो सोमवारी गेला. मुदत संपायची वाट बघायची त्याची छाती झाली नाही. पुढच्या रविवारी मिस ऑझेला हातमोजे घालून दाराशी उभी होती, डोक्यावर पिसांची नवी टोपी. रॉइस उशिरा, मान खाली घालून आला आणि मागच्या बाकाकडे सरकू लागला. तिनं त्याचं कोपर धरलं. सगळ्यांच्या बाकांसमोरून त्याला चालवत नेलं आणि अगदी पुढं, गायकांकडे पाठ आणि लोकांकडे तोंड करून ठेवलेल्या खुर्चीत बसवलं.

आज दोन वर्षं झाली. तो येतो आणि ती त्याला तिथंच बसवते. एकदा मी विचारलं, "मिस ऑझेला, आता तरी माफ केलंत का हो त्याला?"

"बघतेय ना," ती म्हणाली. "दर रविवारी नीट बघतेय."