केंदूर ते राहू, लग्नाची डीव्हीडी

जगानं डीव्हीडी प्लेअर भंगारात टाकून बरीच वर्षं झाली, तेव्हा आम्ही एक विकत घेतला. घडीचा, मांडीवर मावणारा. सणसवाडीत माझ्या खोलीशेजारचा बिहारचा कामगार कायमचा गावी चालला होता, त्याच्याकडून. बॅटरी पार मेलेली. गाडीच्या चार्जरला लावला तरच चालायचा, म्हणजे घरात त्याचा उपयोग शून्य.

घेतला तो आईसाठी. आबा, म्हणजे आमचे वडील, जाऊन वर्ष उलटलं होतं. भिंतीवर फोटो आहे, पण तो आधार कार्डावरून मोठा केलेला. त्यात आबा उसाला कारखान्याची तोड न मिळाल्यासारखे दिसतात. "फोटोतलं माणूस हालत न्हाई," आई म्हणायची. "मला त्ये चालताना बघायचेत." आता हे आणायचं कुठून? कुणी मोबाईल समोर धरला की आबा उठून जायचे. हलते-चालते आबा असलेच तर ताईच्या लग्नाच्या डीव्हीडीत. तिची दुसरी प्रत नाही, आणि शूटिंगवाल्यानं दुकान बंद करून चायनीजची गाडी टाकलेली.

ताई राहूला दिलेली. तिच्याकडं वास्तुशांत होती, म्हणून केंदूरहून आम्ही दोघंच निघालो. आईला गाडी लागते. एरवी ती शिक्रापूर येईपर्यंत लिंबू हुंगत डोळे मिटून बसते. त्या दिवशी प्लेअर मांडीवर घेऊन टक्क बसली होती.

पडद्यावर आधी गुलाबाच्या पाकळ्यांतून नवरा-नवरी आले, मग सत्कार. आमच्याकडं लग्न सत्कारांच्या मधल्या वेळात उरकतात. सरपंच, माजी सरपंच, कारखान्याचे संचालक, पतसंस्थेचे चेअरमन. प्रत्येकाला शाल, नारळ, आणि प्रत्येकाचे दोन शब्द, जे कधीच दोन नसतात. एखाद्याचं नाव माईकवर घ्यायचं राहिलं तर तो न जेवता निघून जातो आणि तो राग पुढच्या निवडणुकीपर्यंत पुरतो. आबा त्या धास्तीनं अर्धे झाले होते.

"आबा दिसले का?" मी गाडी चालवता चालवता विचारलं.

"पाठ दिसली. कुणाला तरी शाल घालत्यात."

थोड्या वेळानं परत विचारलं.

"पाठच हाय. ह्या चेअरमनच्या मिशा किती येळ दाखवतोय मेला."

पुढं उसाच्या ट्रॉल्या. एरवी मी शिव्या घातल्या असत्या, त्या दिवशी बरंच वाटलं, आईला बघायला तेवढाच जास्त वेळ. खड्डा आला की चित्र अडकायचं, आणि तेही नेमकं एखाद्या संचालकावर. कन्यादानाला तरी आबा दिसतील म्हणून आई पुढं वाकली, तर तेवढ्यात कुणी नेते उशिरा आले आणि कॅमेरा पळत त्यांच्याकडं गेला. आई परत मागं टेकली. मला मात्र त्या शूटिंगवाल्याला त्याच्याच कढईत परतावंसं वाटलं.

भीमेचा पूल ओलांडला, राहू आलं. ताईच्या दारात मांडव, सासरची मंडळी सामोरी आलेली. मी गाडी बंद करणार, तोच आई म्हणाली, "थांब."

पडद्यावर आबा होते. समोरून, अख्खे, घामाघूम, फेटा एका कानावर आलेला. तरातरा कॅमेऱ्याकडं चालत आले आणि हात उडवून काहीतरी बोलले. आवाजाच्या जागी सनई भरलेली. पण ऐकायची गरजच नव्हती: मला काय घेतोस, पाहुणे घे तिकडं. कॅमेरा निमूट वळला. म्हणजे शूटिंगवाल्याचा बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. आबांनी स्वतःच स्वतःला काढून टाकलं होतं.

"परत लाव," आई म्हणाली. लावलं. आबा आले, हात उडवला, गेले.

"परत."

ताईचे सासरे काचेशी येऊन उभे राहिले, हात जोडून. मागं सगळी मंडळी ताटकळलेली. मी म्हणालो, "आई, पाहुणे थांबलेत."

तिनं मान वर केली नाही. पडद्यालाच म्हणाली, "अवो, जनमभर पावण्यांचंच बघितलं. आता जरा माझ्याकडं बघा."

मी गाडी चालूच ठेवली आणि परत लावलं.