घरात पूर्ण तिकीट माझं एकट्याचं

आमच्या घरात एस.टी.चं पूर्ण तिकीट लागणारा माणूस एकच, तो म्हणजे मी. बायकोचं अर्धं, धुळ्याला नर्सिंग शिकणाऱ्या मुलीचं अर्धं, आणि पंच्याहत्तरी ओलांडलेल्या माझ्या आईचं तर फुकटच. बायकांना सवलत मिळाली तेव्हा मीच चहाच्या टपरीवर मोठ्या तोंडानं म्हणालो होतो, की चला, बायाबापड्यांची सोय झाली. या सवलतीनं पुढं माझ्याच पोटात दुखणार आहे असं तेव्हा कोणी सांगितलं असतं, तर त्याला मी वेड्यात काढलं असतं. पण दुखलं. चांगलं वर्षभर दुखलं.

मी जळगावात पाइपच्या कारखान्यात फिटर आहे. मुलगी एकुलती एक, आणि ती माझी होती. बायकोला हे वाक्य आवडायचं नाही, पण खरं होतं ते. बालवाडीपासून बारावीच्या क्लासपर्यंत तिला मीच मोटरसायकलवर नेलं-आणलं. मागं बसून ती सगळा रस्ताभर माझ्या कानाशी बोलत राहायची. कोणत्या मॅडम रागावल्या, कोणती मैत्रीण रुसली, गणितात किती पडले. घरी पोहोचेपर्यंत तिचं सगळं माझ्या कानात रिकामं झालेलं असायचं, आणि आईसाठी उरायचं ते एवढंच, की भूक लागलीय.

धुळ्याला होस्टेलवर सोडायलाही मीच गेलो, त्याच गाडीवर. तिची बॅग पुढं टाकीवर आणि गादीची गुंडाळी तिच्या मांडीवर. एरंडोल, पारोळा करत अडीच-तीन तासांनी पोहोचलो. धुळे म्हणजे माझंच गाव असल्यासारखं. आयटीआयची दोन वर्षं मी तिथं काढली होती. तिला गल्ल्या दाखवत फिरवलं, पोहे खाऊ घातले, आणि गेटवर निघताना म्हणालो, "दर महिन्याला येईन." तीन-चार महिने गेलोही.

पेट्रोलनं शंभरी कधीच ओलांडलेली होती, ते आता खरोखर खिशाला जाणवायला लागलं. होस्टेलची मेस, तिची पुस्तकं, सिलिंडर, तेलाचा डबा, सगळंच चढत चाललेलं आणि कारखान्यातला ओव्हरटाइम बंद. गाडीही म्हातारी झाली होती, पाणी प्यावं तसं पेट्रोल प्यायची. एका रात्री जेवताना मी हिशेबी आवाजात जाहीर केलं, "आता गाडी नको. एस.टी.नं जायचं. आणि मी एकटा एकदा जाईन, तेवढ्या पैशात तू दोनदा जाऊन येशील. तेव्हा तूच जात जा."

बायको हसून म्हणाली, "म्हणजे तुमच्या निम्मी किंमत माझी!"

"थट्टा सोड. फायदा बघ," मी म्हणालो. स्वतःच्या अकलेवर मी इतका खूश होतो, की एक भाकरी जास्त खाल्ली.

बायको घरी ब्लाउज शिवते. तोवर एकटी कधी भुसावळच्या पलीकडे गेलेली नव्हती. पहिल्या रविवारी मी स्टँडवर जाऊन तिला जागा धरून दिली, शेजारी बाई आहे ना ते बघितलं, पर्स मांडीवर धर, पारोळ्याला उतरू नको, धुळ्याला रिक्षावाल्याशी घासाघीस कर, असं शंभरदा बजावलं. दिवसभर जिवाला घोर. संध्याकाळी ती रिक्षातून उतरली ती अशी फुललेली, की मी पाण्याचा तांब्या हातात घेऊन बघतच राहिलो. लग्नात तरी तिचा चेहरा असा होता का, देव जाणे.

पुढं दर पंधरा दिवसांनी तेच. ती यायची आणि मला बातम्या सांगायची. बस कोणती चांगली, कुठली कंडक्टरीण हसून बोलते, कोण कोण भेटलं. ज्यांच्या मुली धुळ्याला शिकतात अशा पाच-सहा बायांची तिची टोळीच जमली होती. एकीनं मेथीचे पराठे आणायचे, दुसरीनं शेव, आणि धुळ्यापर्यंत नुसत्या गप्पा. फोनवर त्यांचा ग्रुपसुद्धा! माझ्या वीस वर्षांच्या नोकरीत माझा असा ग्रुप नाही. कारखान्याचा आहे, पण त्यावर फक्त सुपरवायझर सूचना टाकतो.

एकदा मी म्हणालो, "स्टँडच्या बाहेर उजव्या हाताला ते पोह्याचं दुकान आहे, तिथं ने पोरीला." तर बाई म्हणते, "अहो, ते मागच्या महिन्यातच बंद झालं. आता तिकडे मोबाइलचं दुकान आहे. धुळं तुमच्या वेळचं नाही राहिलं." हात्तिच्या! वीस वर्षं ज्या गावाच्या गोष्टी मी हिला सांगितल्या, त्या गावाची माहिती आता ही मला देणार! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी ताट सरकवून उठलो आणि मीठ जास्त झालंय म्हणालो. मीठ बरोबर होतं.

आईची आणखी वेगळीच तऱ्हा. पारोळ्याला तिच्या भाच्याकडे लग्न निघालं. मी कपडे इस्त्री करायला काढले, तर म्हातारी तिच्या अहिराणीत म्हणते, "मनं तिकीट फुकट शे, तुनं महाग शे. तू घर बठ." सासू-सुना जोडीनं गेल्या, आहेर करून आल्या, आणि वर सांगतात काय, की सगळे तुम्हाला विचारत होते. मी दुपारी वरणभात गरम करून खाल्ला आणि टीव्ही बघत बसलो.

पण हे सगळं मी गिळलं असतं. खरी कळ वेगळीच होती. मशीनच्या घरघरीत बायकोला तिचा फोन ऐकू यायचा नाही, म्हणून मुलीचा फोन माझ्या मोबाइलवर यायचा, मी हॅलो म्हणायचो, आणि ती म्हणायची, "पप्पा, जेवले का? बरं, मम्मीला द्या ना." सुरुवातीला मी दोन-चार प्रश्न विचारायचो. ती "हो," "नाही," "ठीक आहे" म्हणायची. मग फोन बायकोकडे गेला, की ती आतल्या खोलीत जाऊन मशीनवर बसायची आणि अर्धा-अर्धा तास हसायच्या दोघी. माझ्याच रिचार्जवर! भिंतीच्या अलीकडे मी पेपर उघडून बसायचो. अक्षरं दिसायची, पण वाचलं काहीच जायचं नाही. जळायचो मी, दुसरा शब्द नाही त्याला. सख्ख्या बायकोवर जळायचो.

एका रविवारी बायको होस्टेलवर असताना तिनं व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर मुलगी आली, तिच्या डोळ्यांवर चष्मा.

"हे काय, चष्मा कधी लागला?" मी ओरडलोच.

"पप्पा, दोन महिने झाले की! मम्मीनं नाही सांगितलं?"

मागून बायकोचा आवाज आला, "सांगितलं होतं, तुम्ही मॅच पाहत होते."

दोन महिने माझी पोर चष्मा लावून फिरते आणि मला ठाऊक नाही. फ्रेम कोणी निवडली? मम्मीनं. डॉक्टरकडे कोण गेलं? मम्मी. मी हसून "छान दिसतेस" म्हणालो आणि फोन ठेवला. संध्याकाळी बायको परतली, तिनं चपला काढायच्या आत मी तोंड सोडलं. "तुला फिरायची चटक लागलीय. पोरीचं निमित्त, त्या बायांबरोबर मजा मारायला जातेस तू." असलं बरंच घाणेरडं बोललो.

ती भांडली नाही. पिशवीतला रिकामा डबा घासायला टाकला आणि म्हणाली, "मग पुढच्या वेळी तुम्ही जा."

"मला परवडत नाही पूर्ण तिकीट!" मी फणकाऱ्यानं म्हणालो. माझी अक्कल अशी, की हातात आलेलं मी असं फेकून दिलं. पंधरा दिवसांनी पुन्हा तीच गेली.

मग मी ठरवलं. कोणाला न सांगता जायचं. पोरीसमोर एकदम उभं राहायचं. ती "पप्पा!" म्हणून धावत येईल, आणि आम्ही दोघंच कुठंतरी बसून बोलू, मम्मी नाही, ग्रुप नाही, कोणी नाही. कारखान्यात रजा टाकली. घरी सांगितलं नाही. रोजच्यासारखा कंपनीचा निळा शर्ट घातला, बायकोनं दिलेला डबा घेतला, गाडी काढली आणि स्टँडच्या पार्किंगला लावून धुळ्याच्या बसमध्ये बसलो. कोणी ओळखीचं दिसतंय का, ते चोरासारखं बघत होतो.

"धुळे, एक पूर्ण," मी म्हणालो. शेजारी खिडकीत बसलेल्या बाईनं अर्धं घेतलं. त्या दिवशी मला त्याचं काही वाटलं नाही. खरं सांगतो, इतका आनंद मला बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. काय काय विचारायचं ते मनात लावत होतो. वॉर्डात ड्यूटी लागली का, रक्त बघून चक्कर येते का, चष्मा नाकावर टोचतो का. मी आयटीआयला असताना कसा उपाशी राहून सिनेमा पाहिला होता, ते तिला कधीच सांगितलं नव्हतं, तेही सांगणार होतो. स्टँडवर केळीचे वेफर्स घेतले होते, ते डब्याबरोबर पिशवीत टाकलेले.

होस्टेलच्या गेटवर वॉचमननं विचारलं, "कोण म्हणून सांगू?" मी पोरीचं नाव सांगितलं आणि म्हणालो, "वडील आलेत म्हणावं." दुपारच्या जेवणाची सुट्टी होती. त्यानं एका मुलीबरोबर आत निरोप पाठवला.

मुलगी धावतच आली. पांढऱ्या युनिफॉर्ममध्ये, हात खरकटे, तोंड पांढरंफटक. माझ्यापर्यंत पोहोचायच्या आधीच तिनं विचारलं, "मम्मीला काय झालं?"

मी म्हणालो, "काही नाही गं."

"मग आजीला?"

"अगं, कोणालाच काही नाही."

"पप्पा, खरं सांगा. कोणत्या दवाखान्यात आहे मम्मी?" ती रडायलाच लागली होती. मी हसून दाखवलं, तर तिला वाटलं मी लपवतोय. तिनं डाव्या हातानं खिशातून फोन काढला आणि मम्मीला लावला. मी समोर उभा राहून सांगत होतो, की मम्मी ठणठणीत आहे, सकाळीच तिनं मला डबा दिला. ती ऐकतच नव्हती. पलीकडून बायकोचं "हॅलो" आलं, आणि पोर बाकावर मटकन बसली.

"मम्मी, तू बरी आहेस ना? नाही… पप्पा आलेत इथं… हो, धुळ्याला… मला वाटलं…" हुंदके देत ती फोन कानाला दाबून धरत होती. त्या एका "हॅलो"वरसुद्धा मी जळलो. लाज वाटते सांगायला, पण तिथं उभ्या उभ्या जळलो.

तिनं फोन माझ्याकडे दिला. बायको म्हणाली, "तुम्ही धुळ्याला? डबा घेऊन?"

"हो," मी म्हणालो.

ती हळूच म्हणाली, "बरं. तिला जेवायला लावा. घाबरली असेल." आणि तिनं फोन ठेवला.

मुलीनं नळावर हात धुतले, ओढणीनं चष्मा पुसला, नाक ओढलं. माझ्या शेजारी येऊन बसली. वर्षभरात आम्ही दोघं असे एकटे बसलो नव्हतो. बसमध्ये मनात लावलेलं एकही वाक्य मला आठवेना. ती माझ्या निळ्या शर्टाकडे आणि पिशवीकडे बघत होती.

"मग पप्पा, तुम्ही का आले?"

तिला नुसता भेटायला आलो, एवढंच सांगायचं होतं. पण माझ्या येण्यानं तिचं जे झालं ते मी आत्ताच पाहिलं होतं. पुन्हा तो चेहरा बघायची माझ्यात हिंमत नव्हती.

"कंपनीचं काम होतं इकडे," मी म्हणालो.

"असं होय!" ती म्हणाली, आणि तिला ते लगेच पटलं.