तळघरातली बोली

भंगारातली यंत्रं घेऊन विकण्याचा धंदा मी हातगाडीपासून उभा केला. लिलावात माझी रीत ठरलेली: ‘एक, दोन’ होईपर्यंत गप्प बसायचं आणि समोरच्याला आपण जिंकलो असं वाटलं की हात वर करायचा. माझा जुना भागीदार ही रीत माझ्याकडूनच शिकला आणि माझी गिऱ्हाइकं घेऊन वेगळा झाला.

आता लिलाव फोनवर होतात. बिबवेवाडीतलं माझं दुकान तळघरात, घासाघीस करून भाव पाडून घेतलेलं. खाली फोनला रेंज नाही, म्हणून मुलीने सिमकार्डावर चालणारी, फोनपेक्षा जरा जास्त रेंज पकडणारी वायफायची डबी आणली. मग फोनचा इंटरनेटचा पॅक मी बंदच करून टाकला. एकाच गोष्टीचे दोनदा पैसे कशाला?

त्या संध्याकाळी वाघोलीच्या एका बंद कारखान्यातली लेथ मशीनं लिलावाला निघाली होती. माझं शेवटचं मोठं गिऱ्हाइक स्पष्ट बोललं होतं, “शेठ, ही मशीनं मिळवा. नाहीतर यापुढे सगळा माल तुमच्या भागीदाराकडून.”

फोनवर वायफायच्या रेघा पूर्ण होत्या. मी निर्धास्त.

मुलगी म्हणाली, “बाबा, त्या रेघा फोन आणि डबीमधल्या. डबीला टॉवर कितपत सापडतोय ते तिच्या दिव्यावर बघा. लाल आहे. वर चला.”

वर कसा जाणार? डबीची बॅटरी मेलेली. चार्जर काढला की बंद. ती भिंतीला बांधलेली, मी तिला. त्यात क्रिकेटचा सामना चालू, अख्खी वस्ती त्याच टॉवरला लोंबकळलेली.

“मग बोली आत्ताच लावून टाका.”

“लिलाव कसा करायचा ते तू मला शिकवू नकोस.”

अगदी शेवटी बटण दाबलं. पडद्यावर चक्र फिरायला लागलं. चारी बाजूंना काँक्रीट, आणि मी त्या चक्राकडे बघत बसलेलो. उघड्या मैदानात माझा हात कुणाला अडवता आला नसता. चक्र थांबलं तेव्हा लिलाव संपला होता. मशीनं भागीदाराला गेली होती.

लगेच गिऱ्हाइकाचा कॉल आला, तोही इंटरनेटवरून, त्याच डबीतून.

“शेठ, बोलीच लावली नाहीत?”

“लावली हो! वेळेत लावली!”

“हॅलो? आवाज तुटतोय.”

मी गळा फाटेस्तोवर ओरडलो. कॉल कटला.

“बाबा, ओरडून रेंज येत नाही.”

धापा टाकत रस्त्यावर आलो, साधा फोन लावला. गिऱ्हाइक दुसऱ्या कॉलवर होतं. कुणाशी, ते मला विचारायची गरज नव्हती.